सगळे आल्यावर अंगठा

परवा एटापल्लीकडच्या मुलींच्या एका निवासी शाळेत गेलो होतो. मुलाखत बायकोची, मोटारसायकल चालवायला मी...

रंजना इंग्रजी शिकवते. आजवर सगळं कंत्राटावर. कायम नोकरीसाठीची वयाची मर्यादा यंदा संपते, म्हणजे ही शेवटची गाडी. वर्गात जाताना मला म्हणाली, "तुम्ही खिडकीत उभे नका राहू. मले हसू येते." मी अर्थातच खिडकीत उभा राहिलो.

तिला वर्गावर पाठ घ्यायचा होता. मागच्या बाकावर विषयतज्ज्ञ. तज्ज्ञ म्हणजे ज्यांचा चहा मुलाखतीच्या आधी येतो ते. त्यांनी विषय दिला अॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे मालकी दाखवणारी ती वरची खूण, तीही अनेकवचनातली. इंग्रजांनी जाताना कोहिनूर नेला आणि हे ठेवून गेले...

तिनं फळ्यावर girls hostel लिहिलं. वसतिगृह सगळ्या मुलींचं, तर खूण कुठं द्यायची? एक उंच पोरगी उठली आणि s च्या आधी देऊन आली. चूक. तज्ज्ञांचं पेन चाललं.

रंजनानं नियम सांगितला. दुसरी उठली, तिनंही तिथंच दिली. पेन पुन्हा चाललं.  मी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

मग रंजनानं खडू खाली ठेवला. "तुमच्या गावच्या जंगलातला बांबू कोणाचा?"

"सगळ्यांचा," दोघीतिघी म्हणाल्या.

"दोघंच जण आले आन् ठराव करून टाकला तं?"

वर्ग हसला. उंच पोरगी म्हणाली, "चालत नाई मॅडम. ग्रामसभेत सगळे येऊन बसल्यावर मंग अंगठा."

"मंग हॉस्टेलचा अंगठा, म्हणजे ही खूण, कुठी?"

 पोरगी उठली, आधीची खूण पुसली आणि s च्या नंतर दिली. "एकटीची बॅग असली तं तिनं लगेच, s च्या आधीच लावावा," जागेवर जाता जाता म्हणाली. "कोणासाठी थांबाचं?"

मी श्वास सोडला... घाई केली. तज्ज्ञ उठले, फळ्यावर children's लिहिलं आणि शांतपणे विचारलं, "इथं तर शेवटी नाही. मग?"

रंजनानं तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. उत्तर वर्गाकडून हवं होतं. 

उंच पोरगीच बोलली. "चिल्ड्रन म्हणजे लेकरं सगळे आलेच ना सर. अंगठा झाला. एस लेट आला, बसला मागं."

 तज्ज्ञांनी पेनाला टोपण लावलं आणि चहा मागवला. या वेळी दोन कप...

परत येताना आलापल्लीच्या टपरीवर फोन आला. रंजनानं ऐकला, माझ्या हातात दिला आणि पलीकडं तोंड करून उभी राहिली. सोमवारपासून हजर व्हायचंय. ती तिथं शाळेत राहणार, मी इकडं वडशाला घरी. माझ्या हातच्या भाताचं काय होणार, ते मी पाहीन...

त्या पोरीचं नाव विचारायचं राहिलं. पुढच्या रविवारी तिच्यासाठी जिलेबी घेऊन जाणार आहे. एकटीपुरती नेऊन भागणार नाही, हे कळलंय. सगळ्या येऊन बसल्याशिवाय डबा उघडणार नाही.