‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची छप्पन्न पानं

संदर्भकोशाच्या कार्यालयात सहायक संपादकांना सगळे ‘पाहाकाका’ म्हणत. चहा कुठे मिळेल, असं कुणी विचारलं तरी ते ‘खालचा मजला पाहा’ एवढंच सांगत. एकतीस वर्षं एका नोंदीवरून वाचकाला दुसरीकडे धाडणाऱ्या माणसाची जीभ तशीच वळणार, हे सर्वांनी हसून मान्य केलं होतं.

त्या सकाळी मात्र संचालकांसमोर त्यांना एवढ्यावर भागवता येईना. शेवटचा खंड ‘ह’वर संपवायचं ठरलं होतं. कागद संपत आला होता आणि संस्थेची मुदतही. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची छप्पन्न पानं वगळली होती.

“सर, पहिल्या खंडात ‘क’खाली एकशे बारा ठिकाणी मी छापलंय, शेवटच्या खंडात पाहा. क्षय, क्षार, क्षेत्रफळ, क्षमा. वाचक तिथून इथे येणार, आणि इथे काहीच नाही?”

“काका, क्षय म्हणजे काय ते बघायला कोश कोण उघडतो आता? फोन उघडतात.” संचालक एकेकाळी त्यांच्याच हाताखाली मुद्रितं तपासायला शिकले होते, म्हणून आवाज मऊ होता, इतकंच.

“कोशात ‘ज्ञान’ नाही म्हणून लोक हसतील.”

“हसू देत. त्या निमित्ताने कुणी हातात तरी घेईल.”

खोट पाहाकाकांची स्वतःचीच होती, आणि तेच त्यांना आतून पोखरत होतं. पहिल्या बैठकीत एका वृद्ध व्याकरणतज्ज्ञांनी बजावलं होतं : ‘क्ष’ म्हणजे क् आणि ष, त्याची जागा ‘क’तच; ‘ज्ञ’ची ‘ज’त. तिशीतले पाहाकाका हट्टाला पेटले होते. मुलं ज्या क्रमाने मुळाक्षरं घोकतात तोच क्रम कोशाचा असावा, ग्रंथ ‘ज्ञ’वर थांबावा. बैठकीत टाळ्या पडल्या होत्या. म्हाताऱ्याचं ऐकलं असतं, तर ही दोन्ही अक्षरं केव्हाच छापून मोकळी झाली असती.

“प्रस्तावना गाळा. चित्रं गाळा. ‘ह’मधली अवतरणं मी आज कापून देतो.” त्यांनी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

संचालकांनी पानांचा हिशेब पुन्हा मांडला. “चार पानं देतो. त्याहून एक ओळ जास्त नाही.”

चार पानांत नुसते शब्द मावत होते, अर्थ नव्हे.

दुपारी पाहाकाका अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंच्या शेजारी लाल पेन घेऊन बसले. ‘क्षय’ची नोंद एका डॉक्टरांनी आजारपणात, दोन वर्षं खपून लिहिली होती; ते आता हयात नव्हते. पाहाकाकांनी ‘क्षय’ एवढं ठेवून खालच्या सव्वा पानावर रेघ ओढली. मग ‘क्षार’. मग ‘क्षितिज’.

“काका, अर्थच नाहीत, तर हे छापायचं कशाला?”

“आम्हाला हे शब्द माहीत होते, एवढं तरी कळेल.” आपलं उत्तर त्यांना स्वतःलाच पटलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “ताई, एक काम करा. संपादक मंडळाच्या पानावरून माझं नाव काढा.”

ताईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. “ते पान काल छापून झालं, काका.”

पाहाकाकांनी मान डोलावली आणि ‘ज्ञ’चा गठ्ठा पुढे ओढला.