मशीनच्या काचेला कुंकू

त्या दिवशी शेडमध्ये चौघंच होतो: मालक, लेझर मशीन चालवणारा, माझी सून आन मी. मशीन ग्राफाइटचे काळे पत्रे कापायची आन आमी सासूसुना गॅस्केटच्या रिंगा उचलायचो. आदल्या दिवशी खंडेनवमीला मी मशीन पुजली, लेझर बाहेर पडतो त्या तोंडाच्या खालच्या काचेलाबी कुंकू लावलं. सकाळी मशीन चालू केली तसं लेझरनं कुंकू तापलं आन काच तडकली.

मालक चालवणाऱ्याला म्हणाले, "काच पुसली न्हाईस. उद्यापासनं येऊ नको."

सून मला गप ऱ्हा म्हणून खुणावत होती.

मी म्हणलं, "साहेब, कुंकू मी लावलं."

"मग आता देवीकडनंच काच आणा, आजी."

चालवणाऱ्याचं काम टिकलं, माझं गेलं. वाचणाऱ्यांनी एवढं करा, नवी मशीन आणली की कुठं हात लावायचा न्हाई ते उचलणाऱ्या बायांनाबी सांगा.