अंधारीचा खुलासा

ही हकीकत मी कित्येक वर्षं टाळली. कुणी दौलताबादचं नाव काढलं की मी नळाच्या पाण्यावर बोलायला लागायचो. नळाला पाणी कधी येणार, हा विषय आमच्या शहरात माणसाला कुठल्याही अडचणीतून सोडवतो. आता पंचाहत्तरी उलटली आणि टाळायलाही दम लागतो, म्हणून लिहितो आहे.

गेल्या थंडीत मी माझ्याच शहरात पर्यटक होऊन फिरलो. सहलीच्या बसचं तिकीट काढलं, गळ्यात पाण्याची बाटली अडकवली, डोक्याला टोपी घातली आणि पुंडलिकनगरातून रिक्षा करून बसपाशी गेलो. शेजाऱ्यांना सांगितलं, दवाखान्यात चाललोय. दवाखान्यात जाण्यात लाज नाही. आपलंच गाव तिकीट काढून बघण्यात आहे.

ही आम्हा लोकांची जुनी खोड. पाहुणा आला की त्याला मकबऱ्याला न्यायचं, आत सोडायचं आणि आपण बाहेर गाडीला टेकून शेंगा खायच्या. वेरूळला नेलं तर सावली धरून बसायचं. तिकीट काढायचं, वाट विचारायची, कुणी सांगेल ते ऐकायचं, ही बाहेरच्यांची कामं. त्यामुळं इथल्या बहुतेकांनी इथलं काहीच पाहिलेलं नसतं, आणि बोलतो प्रत्येक जण जणू बांधकामावर मुकादम होता. मी या सगळ्यांत पुढं होतो.

बस सुटली. शेजारच्या सीटवर पुण्याच्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठले?"

"नाशिकचा," मी म्हणालो. खोटं बोलायला मला विचार करावा लागत नाही, हे पुढं कळेलच.

गाईड तरतरीत गडी होता, माहितीच्या नावानं मात्र आनंद. वाटेत एक दरवाजा लागला. या शहराला दरवाज्यांचं शहर म्हणतात, पण दगड दिसेल तेवढीही जागा फ्लेक्सवाल्यांनी सोडली नव्हती. कुण्या भाऊंचा वाढदिवस होता. भाऊ काळा चष्मा लावून कमानीएवढे पसरले होते. गाईड म्हणाला, "हे लई ऐतिहासिक बरं का." पुण्याच्या बाईंनी भाऊंचा फोटो काढला. पुढं खड्डा आला, सगळे उडाले. गाईड म्हणाला, "हेबी ऐतिहासिक." त्या दिवसात त्यानं केलेलं हे एकच खरं विधान.

दौलताबादचा रस्ता छावणीवरून जातो. छावणी आली तेव्हा मी टोपी पुढं ओढली आणि डोळे मिटून घेतले. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. छावणीच्या एका गल्लीत आमच्या ऑफिसच्या जीपचे जुने ड्रायव्हर राहत होते. वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं. ते मात्र माझ्यासारख्या क्लार्कलाही साब म्हणत.

त्या वेळी मी चाळिशीच्या आत होतो. मोठ्या साहेबांकडं पाहुणे आले की त्यांना गाव दाखवायचं काम माझ्याकडं यायचं, कारण "तुम्ही इथलेच ना?" मी इथलाच. एकदा साहेबांचे मेहुणे आले, त्यांना किल्ला बघायचा होता. किल्ल्यात अंधारी आहे. डोंगराच्या पोटातून वर जाणारी वळणावळणाची काळीकुट्ट वाट, उंचसखल पायऱ्या, वर वटवाघळं. तिच्या तोंडाशी मशालवाले बसलेले असत.

चाचा जीप लावून आमच्या मागं वर आले होते. ते म्हणाले, "साब, मशालवाला लेलो. अंदर भौत अंधेरा है."

मी पाहुण्यांकडं बघून हसलो. "चाचा, मी इथला आहे. माझ्याच गावात मला कोण वाट दाखवणार?"

"गाव आपका है साब. अंधेरा तो किसीका नई."

"तुम्ही खाली जा. जीप बघा."

खरं सांगायचं तर मी त्याआधी अंधारीत पाऊलही टाकलं नव्हतं. शाळेच्या सहलीत मास्तरांनी आम्हाला खंदकापासून परत फिरवलं होतं. तिसऱ्या वळणावर पाहुण्यांचा पाय पायरीवरून सुटला. मांडीचं हाड मोडलं. चाचा खाली गेलेच नव्हते; ओरडा ऐकून कुणाकडून तरी मशाल मागून धावत आत आले आणि पाहुण्यांना पाठीवर घेऊन खाली उतरले. मी भिंतीला हात लावून मागं मागं आलो.

साहेबांनी दोघांकडून लेखी खुलासा मागितला. पाहुण्यांना कुणी विचारलं नाही, ते मोडका पाय घेऊन आपल्या गावी गेले होते. चाचा उर्दू शाळेत शिकलेले. मराठी बोलायला अडत नसत, पण वाचता-लिहिता येत नव्हतं. रजेचे अर्ज असोत की मुलीच्या शाळेचे कागद, त्यांचं सगळं लिखाण मीच करायचो. ते खाली उर्दूत सही करायचे, वाचून दाखवा असं कधी म्हणत नसत. त्या दिवशीही माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "साब, जो हुआ वो लिख दो."

त्यांच्या नावानं मी लिहिलं: 'मला वाट माहीत आहे, मशालीची गरज नाही, असे मी पाहुण्यांस व सोबतच्या कर्मचाऱ्यास सांगितले. चूक मला मान्य आहे.' कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी उजवीकडून डावीकडं सावकाश सही केली आणि म्हणाले, "शुक्रिया साब." माझ्या स्वतःच्या खुलाशात मी त्यांच्या कबुलीचा हवाला दिला.

त्यांची बदली पाचोडला झाली. घरी बायको दम्यानं आजारी. ते आठवडाभर तिकडं राहायचे आणि रविवारी एस.टी.नं छावणीला यायचे. असं निवृत्तीपर्यंत चाललं. बायको गेली तो दिवस बुधवार होता, म्हणजे ते पाचोडला होते. मी मयतीला गेलो नाही. ऑफिसात काम आहे म्हणालो. काम नव्हतं.

बस किल्ल्यापाशी थांबली. मी तिकीट काढलं, रांगेत उभा राहिलो. पुढं एक जोडपं तोफेवर बसून फोटो काढत होतं आणि रखवालदार त्यांना उठवायचं सोडून कोन सुचवत होता. अंधारीच्या तोंडाशी मी स्वतःहून मशालवाला मागितला. गाईड म्हणाला, "नाशिकवाले बाबा, हात धरा. तुम्ही पडलात तर माझी नोकरी जायची." त्याला काय माहीत, इथं पडलेल्यापायी कुणाची नोकरी कशी हलते ते.

मधेच मशालवाल्यानं गंमत म्हणून मशाल पाठीमागं धरली. सगळे किंचाळले, मग हसले. इतकी साधी वाट. हातात उजेड असेल तर म्हाताराही चढतो. तिसऱ्या वळणावरची पायरी मी पायानं चाचपून बघितली. बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच आहे, एवढंच. एवढ्याशा माहितीसाठी मशालवाल्याला विचारणं मला कमीपणाचं वाटलं होतं.

वेरूळ मी पाहिलं न पाहिल्यासारखं. डोक्यात एकच वाक्य घोळवत होतो: 'चाचा, खुलाशात मी खोटं लिहिलं. मशाल घ्या असं तुम्ही म्हणाला होता, नको मी म्हणालो.' परतीच्या वाटेवर छावणी आली तसा उठलो.

"बाबा, मकबरा राहिला की!" गाईड ओरडला.

"बघितलाय."

"नाशकात बसून?"

बस हसली. मी उतरलो.

चाचा घरासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत उतरतं ऊन खात बसले होते. कानटोपी, मांडीवर शाल. मला वाटलं, ओळखणार नाहीत. तशी माझी मनापासून इच्छाही होती.

"आवो साब," ते म्हणाले. जणू मी कालच येऊन गेलो होतो. मुलीला हाक मारून दुसरी खुर्ची मागवली, चहा सांगितला. माझी टोपी, बाटली, बुटांवरची धूळ बघितली. "कहाँ से आना हुआ?"

"किल्ल्यावरून. सहलीच्या बसनं गेलो होतो. तिकीट काढून."

ते हसले. दात राहिले नव्हते. "टिकट निकालके! अपनेच गाव में!" मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मशालवाला लिया ना साब?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. बदलीच्या आदेशात 'चालकाच्या कबुलीनुसार' असं लिहिलेलं, तो कागद त्यांनी पाचोडात कुणाकडून तरी वाचून घेतलाच असणार. कोणाच्या अक्षरातली कबुली, हे त्यांना वाचून घ्यावं लागलं नसेल. एवढ्या वर्षांत एका शब्दानं विचारलं नाही, आणि विचारलं ते असं.

"घेतला," मी म्हणालो.

"अच्छा किया."

चहा आला. घोळवलेलं वाक्य जिभेवर होतं. मी बशीत चहा ओतला आणि म्हणालो, "छावणीत पाणी येतं का हो वेळेवर?"

ते सविस्तर सांगत बसले. मी मान डोलावत राहिलो. उठताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मुलीला म्हणाले, "साबकू गल्ली के मोड तक छोडके आ, अंधेरा होनेकू आया."

पुढच्या आठवड्यात नक्की जायचं ठरवलं होतं. तो आठवडा दोन महिन्यांनी उगवला. गेलो तर घरासमोर खुर्ची नव्हती. मुलगी दारात आली आणि म्हणाली, अब्बा गेल्या महिन्यात गेले, तुम्हाला कळवायला नंबर नव्हता.

तिलाही मी काही सांगितलं नाही. पाणी पिऊन आलो.

चाचा, खुलाशात मी खोटं लिहिलं. मशाल घ्या असं तुम्ही म्हणाला होता, नको मी म्हणालो. मला माफ करा.