पाटीवर लिहिलेलं शुद्ध

धान्याच्या व्यापाऱ्याने मला फसवलं. पोत्यात वर चांगला गहू ठेवून खाली किडका भरला. भावासाठी तासभर घासाघीस करणारी मी, पण पोत्यात तळापर्यंत हात घालायला विसरले.

गच्चीवर चादरीवर गहू पसरला. ऊन लागताच पोरकिडे बाहेर पडले आणि कठड्याच्या सावलीकडे चालू लागले. दूधसुद्धा न घेणारी माझी भाची शेजारी बसून गहू निवडत होती. ती सहज म्हणाली, "मावशी, आता शाकाहाऱ्यांनीही किडे खावेत म्हणतात. रातकिड्यांचं पीठ मिळतं."

"माझ्या खानावळीच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाच आधी!" मी खेकसले.

"शुद्ध शाकाहारी. पण पोखरलेला दाणा गिरणीत टाकताना आतल्या अळीला ती पाटी वाचून दाखवतेस का?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. एकदम थकल्यासारखं झालं. तीस वर्षं मी याच हातांनी धान्याला बोरिक पावडर चोळते आहे. किडे मुद्दाम कधी खाल्ले नाहीत, नुसते मारले. खाणाऱ्याला निदान भूक तरी असते.

काही किडे सावलीला पोचले होते. मी केरसुणी उचलली आणि तशीच हातात धरून बसले. किडक्या गव्हाचा जाब मी उद्या व्यापाऱ्याच्या दारात उभी राहून घेईन. पण तीस वर्षांत मेलेल्या किड्यांचा जाब कोण देणार? पाटी माझी आहे, कबूल. पण "शुद्ध आहे ना?" असं विचारून पानावर बसणाऱ्यांनो, तुम्हीही बोला.