नानांनी मोजू न दिलेली हवा

कूलंटचा नवा ड्रम उघडला की नाना आधी वाकून वास घ्यायचे. जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात लेथवर हे तेलपाणी वापरायचं की नाही, ते त्यांच्या नाकावर ठरे. सुरक्षा अधिकारी मी, पण माझं मत नंतर. लेथवरचे सगळ्यात जुने कामगार नाना मूळचे पिंपळनेरचे, अहिराणी सोडत नसत. "ताई, तुनं मशीन आठ तास लेस. मनं नाक एक दममा सांगी देस." वर डब्यातली कळण्याची भाकरी माझ्यापुढे सरकवायचे. नकार चालत नसे.

एकदा आलेल्या कूलंटला वासच नव्हता. नाना खूश. मी पुरवठादाराचा कागद वाचला. प्यायलं तर काय, कातडीला लागलं तर काय, सगळं तपासलेलं. श्वासाच्या रकान्यात मात्र 'माहिती उपलब्ध नाही'. पिणार कोण होतं? लेथ फिरला की त्याचं धुकं उडे आणि बारा माणसं ते पाळीभर ओढत.

म्हणून हवेचा नमुना घेणारा छोटा पंप मी नानांच्या पट्ट्याला बांधला, नळी कॉलरला लावली. "याले चहा बी पाजू का?" नानांनी विचारलं. सगळे हसले. नमुना चालू असताना तासातासाला जाऊन बघायचं असतं. मी ऑफिसात बसून राहिले. नानांवर कसली पाळत ठेवायची? अहवाल निर्दोष आला.

पुढच्या थंडीत नानांना खोकला सुरू झाला. रविवारी बरे, सोमवारी दुपारी पुन्हा दम. "बिडीना खोकला शे," म्हणायचे. बिडी त्यांनी कधी ओढली नव्हती.

धुळ्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी सांगितलं. तो पंप त्यांनी पाळीभर दाराबाहेर खिळ्याला टांगला होता. "रिपोर्ट खराब उना तं लाइन बंद व्हई. बठ्ठा पोरे कोठे जातीन?"

"नाना, यात धोका आहे हे तुम्हाला कळत नव्हतं का?" मी ओरडले.

"कयस ताई. म्हनीसनच तं पंप बाहेर टांगा."

आठवड्याभरात ते गेले. मालकांनी तोच अहवाल दाखवून आजार कामामुळे नाही, भरपाई मिळणार नाही, असं त्यांच्या बायकोला, अक्कांना, कळवलं. अक्का तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "हाई सही तुनीच शे ना?"

माझीच होती. मी कारखाना निरीक्षकांना लेखी दिलं: नमुना घेताना मी जागेवर नव्हते, हा अहवाल लेथजवळच्या हवेचा नाही.

दोन दिवसांनी त्यांच्या हुकुमानं लाइन बंद झाली. उरलेले अकरा जण गेटपाशी बसले होते. मी त्यांच्यामधून आत गेले. एकानंही मान वर केली नाही.