तिकडच्या गावचा दादरा

संध्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी घटक चाचणीचे पेपर तपासत होते. "बाई, ताई गेली. अमरावतीहून घेऊन येऊन राहिलो," तिचा भाऊ म्हणाला. मी "हो" म्हटलं आणि हातातला पेपर पूर्ण तपासला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर एका बरोबर उत्तरावर फुली मारली होती. त्याला पाच आठवडे झाले...

संध्या तायडे आमच्या अकोटच्या शाळेत तासिकेवर संगीत शिकवायची. वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे, तिथंच तिचा कान तयार झाला. चौथीचा वर्ग माझा होता, त्यामुळे आमचं रोजचं बोलणं. तीन वर्षांपूर्वी ती एक कात्रण घेऊन धावतच माझ्या वर्गात आली. मुंबईची एक मंडळी अमरावतीत बॅले करणार होती. "बाई, चौथीच्या पोट्ट्यायले नेऊ. असं या भागात पुन्हा कवा येते?" तिनं स्वतःही बॅले मोबाइलवरच पाहिला होता.

मग दीड महिना तिनं दुसरं काही केलं नाही. छोट्या स्पीकरवर ते संगीत लावायची आणि मुलांना मांडीवर टाळी धरायला सांगायची. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. "आपला दादराच समजा पोरहो, फक्त तिकडच्या गावचा!" गोष्ट आधी सांगायची, मग डोळे मिटून ऐकायला लावायची आणि विचारायची, आता राजकन्या रुसली की पळाली? राणी नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, ते लोकं बोलत काहून नाहीत?" संध्या म्हणाली, "पायानं बोलतात ते. तू कानानं पाय पाह्य." मी दारात उभी होते. मला हसू आलं, पण राणी मान डोलावत होती. तिला समजलं होतं.

सहलीला अकोल्याच्या शिक्षण कार्यालयाची परवानगी लागत होती. तो अर्ज घेऊन जाण्याचं मी माझ्याकडे घेतलं. गुरुवारी जायचं ठरलं होतं. त्या गुरुवारी मी अमरावतीला, पुतण्याच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेले. म्हटलं, सोमवारी देऊ. सोमवारी गेले तर साहेब रजेवर. नंतर तीन चकरा मारल्या, पण सही झाली ती कार्यक्रम होऊन गेल्यावर. संध्याला मी सांगितलं, "अर्ज कवाचा देला, तिकडंच अडकून पडला." तिनं विश्वास ठेवला. न ठेवायचं काही कारणच नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सहल रद्द झाली. सगळ्यांच्या घरी निरोप पोचला नाही. सकाळी सहा वाजता अकरा मुलं शाळेच्या फाटकात उभी, इस्त्रीचे गणवेश, हातात डबे. राणी वडिलांच्या सायकलवर सात किलोमीटरवरून आली होती. संध्यानं त्यांना संगीताच्या खोलीत बसवलं, डबे खायला लावले. कोणी तरी म्हणालं, "बाई, इथंच लावा नं ते गाणं." तिनं स्पीकर हातात घेतला, पण तिला तो लावता आला नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मुलं खायची थांबली.

पुढच्या वर्षी संगीताच्या तासिका बंद झाल्या. ती लहान मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. मग पोटाचं दुखणं निघालं, आणि निघालं तेव्हा फार पुढं गेलेलं होतं. अमरावतीच्या दवाखान्यात मी तिला शेवटची भेटले. एसटीत बसल्यापासून ठरवलं होतं, आज खरं सांगून टाकायचं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. तिनं माझा हात धरला. मनगट केवढंसं झालं होतं. म्हणाली, "बाई, त्या कागदासाठी तुमी लय चकरा मारल्या. मले म्हणायचंच राहून गेलं..." मी तिची चादर सारखी केली. "झोप तू," म्हटलं. बाहेर येऊन ऑटोत बसले तेव्हा ते जुळवलेलं वाक्य अजून तोंडात होतं.

संगीताच्या खोलीत आता पोषण आहाराची तांदळाची पोती असतात. गेल्या आठवड्यात स्वयंपाकाच्या बाईंना मदत म्हणून मी एक पोतं ओढलं, तर खाली फरशीवर पांढऱ्या रंगात लहान पावलं निघाली. प्रत्येकाला आपली उभं राहायची जागा कळावी म्हणून तिनं मुलांचे पाय ठेवून रेघा मारल्या होत्या. चवड्यावर उभं राहून तोल सावरायचा सराव तिथंच चालायचा. सगळ्यांच्या पुढं एक जोडी मोठी होती, मुलांकडे तोंड केलेली. डाव्या अंगठ्याजवळ रंग थोडा फिस्कटलेला... पाय काढताना घाई झाली असावी.

मी चप्पल काढली. पण त्या पावलांवर पाय ठेवायची हिंमत झाली नाही.

"बाई, पोतं कुठी ठेवू?" मागून आवाज आला.

"होतं तिथंच," मी म्हटलं.