पोळ्याचा बार

आठवीत शाळा सुटली आणि मी कंधारजवळच्या गावाहून थेट विदर्भातल्या कोळशाच्या खाणीवर येऊन पडलो. इथले मायनिंग इंजिनिअर साहेब लातूरचे. लातुरात जो तो डॉक्टर व्हायच्या शिकवण्या लावतो, हे खाणीत कसे शिरले कोण जाणे. आपल्याकडचं पोरगं म्हणून त्यांनी मला लॅम्प रूममध्ये लावलं. खाली उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे, वर आलेल्यांचे परत घ्यायचे. एक दिवा कमी आला, म्हणजे एक माणूस अजून खालीच. साहेबांचे उपकार मी विसरणार नाही.

आमच्या गावच्या दगडखाणीच्या मालकालाही विसरलेलो नाही. पोळ्याला खाण बंद असते, हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक. म्हणून बापानं आमचा देवणी बैल खाणीकडच्या तळ्यावर धुवायला नेला. मालकाला रस्त्याची खडी द्यायची घाई. त्यानं सणादिवशी सुरुंगाचा बार उडवला, शिट्टीसुद्धा न देता. दगड बैलाच्या पाठीत बसला. बैल पाण्यातच बसला, तो उठला नाही. शिंगं रंगवायची राहिली.

"बैल घेऊन इकडं मरायला आलास कशाला?" मालक बापाला म्हणाला.

इथं साहेब छताला टेकू कुठं हवा ते ठरवतात, हवा आतपर्यंत पोचते का बघतात, माणसं मागं सरल्याशिवाय बार उडवू देत नाहीत. त्यांनी मॅनेजरची मोठी परीक्षा काढली आणि वाटा फुटल्या: परदेशातली तांब्याची खाण, कॉलेजात शिकवणं, नाहीतर खाणी तपासून धोक्याचं काम थांबवणारं सरकारी खातं. माझी झोप उडाली. साहेब परदेशात गेले तर मालक सुटला.

एकदा चहा देताना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुझ्या बैलासाठी मी कमी पगार घ्यायचा?" साहेब हसले.

"हाव," म्हणालो. जीभ चावली, पण शब्द मागं घेतला नाही.

ते खात्यातच गेले. माझ्यामुळं नाही, त्यांच्या बायकोला परदेश नको होता. नेमणूक मात्र आमच्या भागाची मिळाली. यंदा त्यांनी आमच्या गावची ती दगडखाण तपासली. कडा सरळ उभा, दरड ढासळू नये म्हणून कड्याला काढायच्या पायऱ्या काढलेल्याच नाहीत, बार भरायला शिकलेला माणूस नाही. काम तिथंच बंद.

मग मालकाचा फोन आला. कधी नव्हे ते अहोजाहो.

"साहेब तुमच्या ओळखीचे हायेत म्हणं. लई नुकसान होऊन राहिलंय. जरा सांगा ना त्यांना."

"सांगितलंय की," मी म्हणालो. "म्हणूनच तर आले."

फोन मी ठेवला नाही, त्यालाच ठेवू दिला.